एक-तेवीस सर

आमच्या नालवाडीत अजूनही चार लोक म्हणतात की सरांचा डोळा माझ्या हट्टापायी गेला. तोंडावर कोणी म्हणत नाही, त्यासाठी छाती लागते. पाठीमागे म्हणतात. म्हणून लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही निम्मी गुरांमागे. सारी जिंदगी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधल्या. लिहायची सवय नाही. पण समोर घडलेलं सांगायला सवय कशाला लागते?

सर माझे भाडेकरू. समोरची खोली त्यांची, मागच्या दोन आमच्या, मधात एका विटेची भिंत. इकडे आमच्या म्हातारीनं, म्हणजे घरवालीनं, मिरचीची फोडणी घातली की तिकडे सर खोकत. आर्वीच्या एका शाळेत गणित शिकवून रिटायर झाले, पुढं बायको वारली, एकच लेक, ती नोकरीवर पुण्याले. खोली पाहायला आले तेव्हा त्यांनी पंखा पाहिला नाही, नळ पाहिला नाही. भिंतीवर थाप मारून म्हणाले, "फळा टांगायचा आहे. खिळे धरतील का?"

मी म्हणालो, "घर मी बांधलं आहे. खिळेच काय, तुम्ही लटकले तरी धरेल."

नाव त्यांचं लिहीत नाही. मोहल्ल्यात सारे 'एक-तेवीस सर' म्हणत. कारण तो फळा. शाळेनं मोडीत काढलेला, दाराएवढा. टांगल्या टांगल्या सरांनी त्याच्या माथ्यावर एक आकडा लिहिला, तो शेवटपर्यंत तिथंच होता. १२३४५६७८९१. एकपासून नऊपर्यंत ओळीनं, अन् शेवटी परत एक. एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे एक्क्याण्णव.

हा आकडा तुटते की नाही, एवढंच त्या माणसाले पाहायचं होतं.

तुटणं म्हणजे काय, ते मला त्यांनी पाटावर बसवून समजावलं. पंधरा तुटते, तीन पंचे पंधरा. सात तुटत नाही, त्याला एक अन् सात सोडून कोणी पुरतं भागत नाही. अशा न तुटणाऱ्या आकड्याला मूळ संख्या म्हणतात. आता हा अब्जाचा आकडा मूळ आहे का? पाहायचं असेल तर दोननं भागा, तीननं भागा, पाचनं भागा, सातनं भागा. एकेक मूळ संख्या घेऊन चढत जा. दोननं तुटला नाही तर चारनं तुटणारच नाही, म्हणून चार सोडा. कुठं बाकी शून्य आली की आकडा तुटला.

"अन् हे चालायचं कुठपर्यंत?" मी विचारलं.

"भेट होईपर्यंत," सर म्हणाले. "भागणारा आकडा चढत जातो, भागाकार उतरत येतो. आर्वीहून एक एसटी निघाली, वर्ध्याहून एक निघाली. कुठंतरी एकमेकींना हात दाखवतीलच की नाही? या आकड्याची भेट पस्तीस हजारांच्या थोडं पुढं आहे. तिथपर्यंत नाही तुटला तर पुढं तुटूच शकत नाही. कारण पुढचा जो कोणी मोठा येईल, त्याचा लहान जोडीदार आपण आधीच पाहिलेला असेल."

"हे सगळं कायले पण?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. आर्वीला असताना तास संपायला थोडा वेळ होता, म्हणून हा आकडा त्यांनी सहज फळ्यावर काढला अन् म्हणाले, हा तुटत नाही. मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. म्हणाली, कशावरून सर? घंटा झाली. पोरं पळाली. सर तिथंच उभे. "भाऊ, मी न पाहता बोललो होतो. इतकी वर्षं पोरांना म्हणत आलो, करून दाखवा. अन् मी स्वतः वाऱ्यावर बोललो."

मला वाटलं, या माणसाले कामधंदा नाही. आमच्या जिनिंगचा मालक रोज काय काय न पाहता बोले. पण सरांना ते लागलं होतं, अन् लागलेलं काढायची त्यांची हीच रीत होती.

सकाळी आंघोळ करून फळ्यापुढं बसत. सारं तोंडानं म्हणून भागत. सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी, हातचे आठ. भिंतीपलीकडून ते ऐकत मी दाढी करी. शेवटी बाकी मोठ्यानं म्हणत, मग "चला पुढं." मग ओलं फडकं फिरवायचं अन् पुढचा आकडा. भर उन्हाळ्यात कूलर बंद. विचारलं तर म्हणत, "पाण्याच्या आवाजात हातचा वाहून जातो."

बाहेर निघाले की लोक मुद्दाम विचारत, "काय सर, बाकी काय?" अन् सर खरंच सांगत, "आज तेवीस हजार चारशे दहा." ऑटोत बसले की आधी त्याचा नंबर पाहत, अन् स्टेशन येईपर्यंत तो फोडून टाकत. उतरताना म्हणत, "तुझी गाडी एकोणीसनं तुटते रे बापा." ऑटोवाला बिचारा वाकून चाक पाही. म्हातारीनं एकदा त्यांचं वय विचारलं. म्हणाले, "यंदा त्र्याहत्तर. मूळ वय आहे वहिनी, औंदा मले कोणी वाटून खाऊ शकत नाही. मागच्या साली बहात्तर होतं. दोन आला, तीन आला, आठ आला, जो येईल तो लचका तोडे."

माझं त्यांचं पटलं ते पाढ्यांवरून. मला तीसपर्यंत पाढे येतात, अन् पावकी, निमकी, औटकीसुद्धा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आता तो कोणाले माहीतही नाही. सर एक म्हणत, मी पुढचा म्हणे. औट सक एकवीस, औट सत्ते साडेचोवीस. कोणीच हरलं नाही. पण भागाकार मला कधी मानवला नाही, अन् ते मी त्यांना सांगितलं होतं. भागाकार म्हणजे सांगोवांगी. गुणाकार म्हणजे माल समोर.

"माझ्यापाशी ताळा आहे ना," ते म्हणत. ताळा म्हणजे नवाचा ताळा. आकड्यातले अंक मिळवायचे, आलेल्याचे परत मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत. अब्जाच्या आकड्याचा ताळा एक. भागाकार झाला की भागणाऱ्याचा, भागाकाराचा अन् बाकीचा ताळा लावून पाहायचा, एक आला तर काम बरोबर. आमच्या वेळी दुकानदारही तसाच लावत. सरांचा त्याच्यावर देवासारखा विश्वास.

आता कोणीही म्हणेल, मोबाईल आहे ना! आकडा टाका, पापणी लवायच्या आत सांगतो. सरांना ते माहीत होतं, म्हणून तर भीती होती. त्यांच्या खोलीत जायचं तर मोबाईल बाहेर माठापाशी ठेवून जायचं. सगळ्या गल्लीला शपथ घातली होती की कोणी पाहायचं नाही, अन् पाहिलं तर बोलायचं नाही. म्हणत, "ऐकलेलं उत्तर उष्टं असते." एकदा कॉलेजचा कोणी प्राध्यापक स्कूटरवर आला. फळा पाहून हसला. "सर, एवढं कायले? मी आत्ता सांगतो, हा आकडा तर..." सरांनी झेप घेऊन त्याच्या तोंडावर पंजा दाबला. खडूचा पंजा. माणूस गुदमरला, चष्मा पडला. मी मधात गेलो अन् प्राध्यापकाले दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं. तो म्हणाला, "वेडा आहे का हा म्हातारा?" मी म्हणालो, "दोन आहेत. दुसरा मी आहे. गाडी चालू कर." आत येऊन पाहतो तर सर दोन्ही कान दाबून बसले होते. "बोलला का तो? मले ऐकू आलं नाही ना? भाऊ, खरं सांगा, ऐकू आलं नाही ना?"

त्या दिवसापासून गल्लीत त्यांच्या दारापुढून जाताना लोक आवाज हळू करत.

मग डोळे आले आड. काचबिंदू. बाजूचं दिसणं हळूहळू जाते अन् गेलेलं परत येत नाही, असा तो रोग. सर फळ्याला नाक लावून लिहू लागले. ताटात वाटी कुठं आहे ते हातानं चाचपत, पण भागाकार सुटला नाही. डोळ्यापेक्षा तोंडावर जास्त भागत. एप्रिलात लेक पुण्याहून आली. मोठ्या डॉक्टरची तारीख घेऊनच आली होती, पुढच्याच आठवड्याची.

"बाबा, ऑपरेशन झालं की परत येऊन भागा ना."

"तेहतीस हजारांत आहे मी. दोन महिन्यांत भेट होते. मग तू म्हणशील तिथं येतो."

"दोन महिने त्या डोळ्यापाशी नाहीत!"

"मग भेटीपाशी आहेत का?"

असं दोन दिवस चाललं. भिंतीतून सारं ऐकू येई. म्हातारी मले म्हणे, "अवो, तुमी तरी सांगा त्याईले." मी म्हणे, "ज्याचा डोळा त्याचा आकडा."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. पलीकडे भागाकार चालू होता. शेवटाला आला अन् थांबला. बाकी ऐकू आली नाही. "चला पुढं" नाही. मग ताळ्याची पुटपुट झाली. परत एकदा झाली. मग एकच शब्द आला.

"शून्य."

मी अर्ध्या दाढीनं धावलो. सर खाटेवर बसले होते, खडू हातात. दारात लेक उभी, तिच्या हातात चहाचा कप.

"तुटला, भाऊ," सर म्हणाले. कोणी गेल्याचं सांगावं तसं. "तुटला. ताळा दोनदा लावला, एक येते. वर्गात मी खोटं बोललो होतो."

कोणत्या आकड्यानं तुटला म्हणाले, ते मी इथं लिहिणार नाही. ज्याच्यावर खोटा आळ आला त्याचं नाव चारचौघांत कशाला घ्यायचं?

सर लेकीकडे वळले. "बॅग भर. येतो तुह्यासंगं. आता इथं काय आहे?"

लेकीच्या चेहऱ्यावर आनंद पाहिजे होता. नव्हता. कप खाली ठेवून ती मागच्या अंगणात गेली अन् मले खुणेनं बोलावलं. हँडपंपापाशी उभी राहून हळूच म्हणाली, "काका, तो तुटत नाही."

"म्हणजे?"

"मी मोबाईलवर पाहिलं होतं. कितीतरी वर्षं झाली. मूळ आहे तो. शपथ होती म्हणून बोलले नाही. आज त्यांचं कुठंतरी चुकलं आहे."

"मग सांग जाऊन!"

"काय सांगू? चुकलं म्हटलं की मला उत्तर माहीत आहे हे त्यांना कळेल." तिनं डोळे पुसले. "अन् काका, ते येतो म्हणाले. पहिल्यांदा म्हणाले. डोळा वाचतो."

"अन् तो माणूस जन्मभर म्हणत राहीन की मी वर्गात खोटं बोललो?"

"म्हणू द्या! दिसेल तर खरं! म्हणता म्हणता नातवाचं तोंड तर पाहतील!"

ती वाकली, माझे पाय धरायले. मी मागं सरलो. "काका, उद्या दुपारची गाडी आहे. तेवढं गप्प बसा. तुमच्या नेहमीच्या सवयीनं काही बोलू नका. पाया पडते."

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. तो दिवस मी घरात काढला. म्हातारीनं भाकर वाढली, खाल्ली नाही. भिंतीपलीकडे सर बोलत नव्हते, अन् ती शांतता माझ्या छातीवर गाठीसारखी बसली. माझं कोणी नातं नाही, माझा डोळा नाही, माझा आकडा नाही. गप्प बसायले काय जात होतं? पण मले आयुष्यात एकच गोष्ट जमली नाही, ती ही.

दुसऱ्या दिवशी ऑटो फाटकापाशी येऊन उभा राहिला. लेकीनं बॅगा काढल्या. सरांनी मला आत बोलावलं. फळ्यावर कालचा भागाकार तसाच होता, शून्यापर्यंत. सरांनी ओलं फडकं माझ्या हातात दिलं.

"माझ्यानं पुसवत नाही, भाऊ. तुम्ही पुसा. वरचा आकडाही पुसा."

मी फडकं घेऊन उभा राहिलो. पाणी टपटप माझ्या पायावर पडे. पुसलं की चूक कायमची गेली, कोणाले सापडायची नाही. दारातून लेक माझ्याकडे पाहत होती. मानेनं हो, हो करत होती.

मी फडकं खाटेवर टाकलं.

"मी पुसत नाई. आधी गुणून दाखवा."

"ताळा जुळला आहे."

"ताळा तुमच्या शाळेत चालत असंन. मले गुणून पाहिजे. भागणारा गुणिले भागाकार, आकडा समोर आला तर फळा पुसतो, नाईतर नाई."

"काका, गाडी चुकेल!" लेक ओरडली.

सर उठले. मानेची शीर फुगली होती. "भाऊ, आता तुम्ही मले गणित शिकवता? चौथी नापास माणूस?"

"चौथी पास. अन् चौथी पास माणसापुढं गुणाकार करायले घाबरता कायले?"

बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न मारला. सरांनी खडू उचलला. इतक्या रागानं की पहिल्याच रेघेला तो मोडला. उरलेल्या तुकड्यानं फळ्याच्या मोकळ्या कोपऱ्यात गुणाकार मांडला. पाच आकडी गुणिले पाच आकडी. एकेक ओळ खाली आली, तिरपी सरकत. मग रेघ, अन् रेघेखाली उजवीकडून बेरीज.

"एक." जुळला. मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"नऊ." जुळला.

"आठ." जुळला. "झालं समाधान?"

"पुढं चाला."

पुढच्या घरात सात यायला पाहिजे होता. सरांनी मिळवलं, हातचा धरला, परत मिळवलं. खडू फळ्याला टेकूनच राहिला.

"चार," ते म्हणाले.

मग ते वळले कालच्या भागाकाराकडे. नाक फळ्याला लावून एकेक पायरी वर चढत गेले, बोटानं, आंधळा जिना चढतो तसे. मधात एका बाकीवर बोट थांबलं. शेवटचे दोन अंक सात अन् चार, चौऱ्याहत्तर. सरांनी तोंडानं परत वजाबाकी केली. "सत्तेचाळीस," ते म्हणाले. परत म्हणाले, "सत्तेचाळीस. तोंडानं सत्तेचाळीस म्हटलं, अन् सात आधी बोलला म्हणून हातानं सात आधी मांडला." आपल्या भाषेत एकं आधी बोलतात, दहं मागून. पहिलीची पोरं हीच चूक करतात, अन् ती चूक काढता काढता यांची हयात गेली होती. अन् ताळ्याले काय? सात-चार काय अन् चार-सात काय, मिळवले की अकराच.

सर हसले. मोठ्यानं, पोरासारखे. "नाही तुटला, भाऊ! नाही तुटला!" म्हणून लेकीकडे वळले.

ती रडत होती. पण चकित नव्हती. त्या डोळ्यांना ताटातली वाटी दिसत नव्हती, लेकीचा चेहरा बरोबर दिसला.

हसणं थांबलं. "तुले माहीत होतं."

ती दारातल्या बॅगेकडे पाहू लागली.

"काल मी तुटला म्हणालो, तेव्हाही माहीत होतं. अन् तू बॅग भरली."

"हो, भरली!" ती ओरडली. "तुमचा डोळा आहे तो, बाबा! आकडा कुठं पळून नाही चालला, तो तुमच्या आधीही होता अन् नंतरही राहील. आता कळलं ना तुम्हाला? मग आता सांगूनच टाकते, तो..."

सरांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. प्राध्यापकाच्या तोंडावर ठेवला होता तसा नाही. हळू.

"पुढं बोलू नको. तुझ्या तोंडावरून मले एवढंच कळलं की कालचं शून्य खोटं. तुटत नाही, हे कळलं नाही. पुढचे अजून बाकी आहेत. त्यातल्या एखाद्यानं तुटत असेल." मग फाटकाकडे पाहून म्हणाले, "भाऊ, ऑटो परत पाठवा."

"बाबा, डोळा जाईल!"

"एकदा न पाहता बोललो. दुसऱ्यांदा तुझं तोंड पाहून बोलू?"

ती भिंतीला टेकून खाली बसली. मले वाटलं आता ही उठून मले काहीतरी फेकून मारते. ऑटोवाला शिव्या देत निघून गेला. मग ती उठली, डबीतून नवा खडू काढला, अन् बापाला खांदे धरून खाटेवर बसवलं.

"डोळे मिटा. औषधाचे थेंब टाकते. मिटूनच बोलायचं, मी लिहीन. अन् ज्या दिवशी भेट झाली त्याच दिवशी निघायचं, जेवायलाही थांबायचं नाही."

रजा वाढवून ती राहिली. सकाळी उजाडल्यापासून दुपार डोक्यावर येईपर्यंत, अन् परत ऊन उतरल्यावर. एकटे सर दिवसाला तीन-चार आकडे करत, तिच्या हातानं दहा होऊ लागले, कधी जास्त. बाप मिटल्या डोळ्यांनी बोले, लेक लिही. तिला उत्तर माहीत होतं. तरी प्रत्येक बाकी ती अशी वाचे की पुढं काय येणार हे तिलाही माहीत नसावं. एकदा बापानं हातचा चुकवला तर तिनं फडकं आपटलं, "बाबा, सात हातचे आहेत, झोपला का?" सर म्हणाले, "माझीच लेक आहे." अन् माझ्याशी ती एक शब्द बोलत नव्हती. पाणी पाहिजे असलं तर म्हातारीला हाक मारी, मी माठापाशी उभा असलो तरी.

शेवटचा आकडा पस्तीस हजार एकशे एकोणतीस. तो मी लिहितो, त्याच्यावर आळ नाही. भागाकार आला पस्तीस हजार एकशे त्रेचाळीस, बाकी एकोणतीस हजार चारशे चव्वेचाळीस. भागणारा अन् भागाकार समोरासमोर. पुढचा मूळ घेतला तर भागाकारच त्याच्या खाली जात होता. एसट्या भेटल्या.

लेकीनं बाकी वाचली अन् खडू ठेवला. सर खाटेवरून उठले. मग भिंत धरत फाटकापाशी गेले. भाजीवाली हातगाडी घेऊन चालली होती.

"बाई," सर म्हणाले, "तो आकडा तुटत नाही. मी पाहिलं."

"बरं झालं सर," ती म्हणाली. "वांगे देऊ का पावभर?"

त्याच संध्याकाळी ते निघाले. लेकीनं सांगितल्याप्रमाणे जेवायलाही थांबले नाहीत. म्हातारीनं भाकर अन् ठेचा फडक्यात बांधून दिला.

ऑपरेशन झालं. डावा डोळा गेला. उजव्याला उजेड कळते, माणूस कळत नाही. आधी आले असते तर वाचला असता का, यावर डॉक्टर म्हणे की असं छातीठोक सांगता येत नाही. लेक म्हणते, वाचला असता. मी डॉक्टर नाही अन् लेकही नाही, त्यावर बोलत नाही.

सरांचा फोन येतो. आवाज खणखणीत आहे. म्हणतात, भाऊ, इथं बिल्डिंगीतल्या पोरांना पाढे शिकवतो, दीडकीपर्यंत आले. डोळ्याबद्दल त्यांनी मले कधी काही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. माफी मी मागणार नाही, अन् मी मागावी असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ज्यांना मोहल्ल्यात बसून न्याय करायचा त्यांनी करावा.

गेल्या महिन्यात लेक टेम्पो घेऊन आली, खोली खाली करायले. फळा तसाच होता, मी कोणाले हात लावू दिला नव्हता. त्याच्यापुढं ती उभी राहिली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"काका, त्या दिवशी तुम्ही फडकं मारलं असतं तर?"

हे मी मनात पुष्कळदा बोलून ठेवलं होतं. म्हणालो, "तर तुझा बाप दोन डोळ्यांनी एक खोटं पाहत बसला असता."

"मलाही पाहिलं असतं ना," ती म्हणाली. "आता समोर उभी राहिले तर विचारतात, कोण आहे?"

माझं म्हणणं तेच होतं, अजूनही तेच आहे, पण त्या वेळी तोंडातून निघालं नाही. खिळे मी ठोकले होते, मीच उपटले. फळा खाली घेतला. एक बाजू तिनं धरली, एक मी. टेम्पोपर्यंत जाताना माझे हात भरून आले, पण म्हातारीपुढं अन् तिच्यापुढं मी खाली ठेवतो म्हणणार नव्हतो.

फाटकापाशी ती थांबली.

"उचला काका," ती म्हणाली. "तुमची बाजू खाली येऊन राह्यली."